महालक्ष्म्यांचे घरातले रात्रीचे फोटो फ्लॅश न मारता चांगले कसे काढायचे? कॅमेरा आहे, पण फोटो हलतात.

फ्लॅश बंदच ठेवा, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) जितकं उघडतं तितकं उघडा, शटर १/१०० सेकंदावर अन् आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटोवर टाकून कमाल ३२०० लावून द्या. १/१०० यासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर त्याहून फास्ट केलं की फोटोत काळे पट्टे येऊ शकतात. नागपुरात घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढतो म्हणून सांगतो, मखरामागच्या लायटिंगच्या माळांनी कॅमेरा फसतो अन् मुखवटे काळे पडतात, तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) मुखवट्यावर घ्या, माळा पांढऱ्या झाल्या तर होऊ द्या. जास्त आयएसओने फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो नंतर सुधरत नाही. फक्त पोरं पळत असतील तर १/२५० लागतंच, मग पट्टे आले तरी.