मॅडम, त्याला त्या होडीत बांधतात का हो?

मी समुपदेशक, आणि जून आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगा असला तर आई विचारते, नवरा असला तर बायको, पण प्रश्न तोच, "हा असले जीवघेणे खेळ का खेळतो, आमचं काय चुकलं?" ट्रेकवाले, बाईकवाले खूप बघितले, पण गेल्या वर्षी पहिल्यांदाच कयाकवाला आला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीतून खवळलेल्या नदीत उतरणारा. आला म्हणजे आईनेच ओढत आणला माझ्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या खोलीत. (दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

घोडबंदर रोडचं कुटुंब, आई रिटायर्ड शिक्षिका, मुलगा पंचविशीचा, आयटीत. सुरुवात साधीच, ऑफिसची पिकनिक कोलाडला गेली, कुंडलिका नदीत राफ्टिंग केलं. तिथे वीज तयार करून झाली की सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे रॅपिड, म्हणजे नदीतले खळाळत्या पाण्याचे टप्पे, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचे, घाबरत घाबरत का होईना पण कोणीही करू शकतं. ग्रेड १ ते ६ असतात, सहावा म्हणजे जवळपास जाऊच नये असा. राफ्टमध्ये सात-आठ जण असतात, कयाकमध्ये तू एकटा, आणि याला नेमकं ते एकटं असणंच आवडलं. मग ऋषिकेशला शिकायला गेला, मग केरळात, कोझिकोडकडे चालिपुळा आणि इरुवंजिपुळा म्हणून नद्या आहेत तिकडे, आणि तेही ऐन जुलैत.

आईंनी पर्समधून फोन काढला, व्हिडिओ लावला. लाल होडी, पांढरं पाणी, होडी उलटी, माणूस खाली. "मोजा," म्हणाल्या. मी मोजलं, अकरा सेकंद, मग हा वल्ह्याचा झटका देऊन वर. "मी हे रोज रात्री बघते." मुलगा म्हणाला, "आई, तो रोल आहे, मुद्दाम शिकवतात तो," आणि स्वतःच्या बाजूने म्हणून त्याने काय दाखवावं, तर २००९ मध्ये टायलर ब्रॅड्ट नावाचा कयाकर अमेरिकेतल्या पलूस फॉल्सवरून ५७ मीटर खाली आला तो व्हिडिओ, म्हणजे आपल्या घोडबंदरच्या टॉवरचे अठरा-एकोणीस मजले. "बघ, काही झालं नाही त्याला." आई म्हणाल्या, "त्याच्या आईला काय झालं ते दाखव." यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं. जीव नकोसा झालाय, कुणावर राग काढतोय, असं काही आहे का ते आधी बघावंच लागतं, नीट विचारलं, तसं काही नव्हतं. म्हणाला, "मॅडम, तिथे ईएमआय आठवत नाही, अप्रेझल आठवत नाही, फक्त पुढचा दगड दिसतो." मिहाय चिकसेंटमिहायी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच गिर्यारोहक, बुद्धिबळ खेळणारे, सर्जन अशांशी बोलून हेच लिहून ठेवलंय, काम आपल्या कुवतीच्या अगदी टोकाला असलं की माणूस त्यात पूर्ण बुडून जातो, त्याला त्याने फ्लो म्हटलं. तेव्हा हे वेड नाही. पण मी काकूंची समजूत काढायची म्हणून "सेफ असतं हो" असंही म्हणणार नाही, कारण नाहीये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलायचा जोर चौपट होतो. आडवं पडलेलं झाड असेल तर पाणी फांद्यांतून निघून जातं आणि माणूस चाळणीत अडकावा तसा अडकतो. बुटका बंधारा दिसायला गरीब, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, आणि खरं सांगते, तिथेच मला थोडा धीर आला. आपल्या खारघरच्या पांडवकड्याला बंदी असताना हाफ पँटवर उड्या मारणाऱ्या पोरांना यातलं एक वाक्य माहीत नसतं!

तिसऱ्या भेटीला दोघं एकत्र. आई बराच वेळ गप्प होत्या, मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्याला त्या होडीत बांधतात का हो? म्हणजे उलटी झाली तर निघणार कसा?" दोन वर्षं बाई या एका चित्रामुळे झोपल्या नव्हत्या आणि घरात कोणी विचारलंच नव्हतं, तुला नक्की भीती कशाची वाटते. मुलाने सॅकमधून रबरी घेरासारखं काहीतरी काढलं. "याला स्प्रे स्कर्ट म्हणतात, होडीत पाणी शिरू नये म्हणून." "स्कर्ट?" त्याने तो कमरेला चढवला, टबात बसल्यासारखा माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, पुढचा पट्टा आईच्या हातात दिला. "रोल नाही जमला तर हा ओढायचा, स्कर्ट सुटतो, मी बाहेर. ओढ." त्यांनी ओढला. परत ओढला. चार-पाच वेळा तरी.

मग मी माझा प्रश्न विचारला, धोक्याचा रॅपिड सोडून देऊन, होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत कधी गेलास? कारण माझ्या मते खेळाडू आणि बेफिकीर माणूस यातला फरक तिथे कळतो, किती मोठ्या रॅपिडमध्ये गेला यावरून नाही. तो म्हणाला दोनदा, आणि मग जरा थांबून, तिसऱ्यांदा जायला हवं होतं पण गेलो नाही, काठावर मित्र कॅमेरा लावून उभा होता. कोणता व्हिडिओ हे आईला लगेच कळलं. तोच, अकरा सेकंदांचा.

त्या चिडल्या नाहीत याचं मला आजही नवल वाटतं. उलट याने आणखी कबूल केलं, की घरी भांडण नको म्हणून तो "ऑफिसची ट्रिप" सांगून जायचा, म्हणजे हा कुठल्या नदीत आहे हे ठाण्यात कोणालाच माहीत नसायचं. बंदी घालणाऱ्या घरांना मी हेच सांगते, बंदीने तो जायचा थांबत नाही, फक्त खोटं बोलायला लागतो. त्यापेक्षा विचारा, सोबत कोण, काठावर दोरी घेऊन कोण उभा, पाणी आधी कोणी बघितलं, आज काय सोडून दिलंस. एकटा जायला लागला, दारू पिऊन, किंवा ब्रेकअपनंतर "काय फरक पडतो" म्हणत जायला लागला, तर मात्र थेट माझ्याकडे किंवा कुठल्याही समुपदेशकाकडे आणा, तिथे लाड नको.

त्यांचं ठरलं असं, उतरायच्या आधी एक मेसेज, बाहेर आल्यावर एक. जुलैत दुसरा मेसेज तीन तास आला नाही, रेंज नव्हती, आणि त्या तीन तासांत काकूंनी मला सात वेळा फोन केला, मी सातही वेळा उचलला, आम्ही दोघी काय बोललो ते आठवतही नाही, एकदा तर नुसतं बिरड्याच्या उसळीवर बोललो.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप आलं त्यांचं. "आला बाहेर. दोन ठिकाणी होडी उचलून नेली म्हणे, आता खांदा दुखतोय, काय लावू विचारतोय."