मी रडले की कुत्रा जवळ येतो, त्याला खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय, की तुम्ही रडायला लागलात की तुमचा कुत्रा येऊन मांडीवर डोकं ठेवतो. त्याला तुमचं दुःख कळतं, की हे आपल्याच मनाचे खेळ?

काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला नक्की कळतं. पण नुसतं जवळ येणं हा काही पुरावा नाही. रडण्याचा आवाज विचित्रच असतो, कुत्रा काय चाललंय ते बघायलाही येईल. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या दोन संशोधिकांना हीच शंका आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १८ पाळीव कुत्र्यांसमोर कधी मालक, कधी परका माणूस रडायचं सोंग करी, तर कधी चमत्कारिक सुरात गुणगुणे. त्यातले १५ कुत्रे रडणाऱ्याजवळ गेले, गुणगुणणाऱ्याकडे त्याहून बरेच कमी वळले. परका रडला तर कुत्रे परक्याकडेच गेले. घाबरून आधार शोधत असते, तर मालकाला बिलगले असते. तरी एक खोट राहतेच आणि त्या दोघींनीही ती मान्य केली: रडणाऱ्याजवळ गेलं की लाड होतात, हे कुत्रा घरातच शिकला असेल.

म्हणून माणूस मधे नसलेली उदाहरणं बघावीत. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स द वाल आणि त्यांच्या सहकारी चिंपांझींची भांडणं टिपत बसत. १९७९ साली त्यांनी लिहिलं, की भांडलेले दोघे समेट करताना सहसा तोंडाला तोंड लावतात; पण मार खाल्लेल्याकडे भांडणात नसलेला तिसराच येतो तेव्हा तो बहुधा मिठी मारतो.

माझं आवडतं उदाहरण मात्र याहून बरंच छोटं आहे. (मी वर्गात जीवशास्त्र शिकवते. चिंपांझी म्हटलं की पोरं माना डोलावतात, उंदीर म्हटलं की हसतात.) अमेरिकेच्या गवताळ भागात प्रेअरी वोल नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. नर-मादी जोडीनं राहतात, पिल्लं दोघं मिळून वाढवतात. प्रयोगात जोडीतल्या एकाला बाजूला नेऊन सौम्य विजेचे झटके दिले आणि परत आणून सोडलं. दुसऱ्यानं झटके पाहिलेले नव्हते. तरी तो लगेच जोडीदाराला चाटायला लागला. नुसतं वेगळं ठेवून आणलं होतं तेव्हापेक्षा लवकर आणि जास्त वेळ. दोघांमध्ये पारदर्शक आडोसा ठेवला, तर बघणाऱ्याच्या रक्तातही ताणाचं संप्रेरक जोडीदाराइतकंच चढलं. अनोळखी वोलसाठी यातलं काही झालं नाही. मेंदूच्या एका ठराविक भागात ऑक्सिटोसिनचं (जिव्हाळ्याशी जोडलेल्या संप्रेरकाचं) काम औषधानं रोखलं, तेव्हा सांत्वन थांबलं. स्वतःचं अंग चाटणं मात्र चालूच राहिलं. त्याचाच भाऊबंद, एकटा राहणारा मेडो वोल, याच्यात हे वागणं दिसलंच नाही.

कोणी म्हणेल, तो स्वतःचा ताण उतरवायला चाटतो. असेलही. पण आपलं मूल रडताना आपणही त्याला उचलतो ते काही अंशी आपल्याच जिवाची घालमेल थांबावी म्हणून. त्यामुळे ते सांत्वन ठरत नाही, हे मला पटत नाही.

हे हुशारीवरही अवलंबून दिसत नाही. मकाक माकडं वोलपेक्षा कितीतरी चलाख, पण त्यांच्या बऱ्याच जातींत मार खाऊन आलेल्या पिल्लाला आईसुद्धा जवळ घेताना दिसत नाही. द वाल आदींचा एक तर्क असा, की जिथे मोठ्या-धाकट्याची उतरंड फार कडक, तिथे हरलेल्याजवळ गेलं तर आपल्यालाही फटका बसण्याची भीती असते. सुलावेसी बेटावरची टोन्किअन मकाक त्या मानानं सैल, मिळून-मिसळून राहतात. त्यांच्यात भांडणानंतरचं सांत्वन नोंदलं गेलं आहे.