टेन्साइलला पास, फटीगला नापास

प्रश्न : आमचे ए३५६चे (सुमारे ७ टक्के सिलिकॉनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) ब्रॅकेट वाळूच्या साच्यात ओततो. टी६ (सोल्यूशन, क्वेंच आणि एजिंगची हीट ट्रीटमेंट) नंतर हार्डनेस आणि टेन्साइल (ओढून तोडण्याची ताकद) बरोबर येतात, तरी फटीग चाचणीत (पुन्हापुन्हा भार देऊन) काही नग फार लवकर तुटतात. हीट ट्रीटमेंटचा वेळ वाढवावा का?

उत्तर : वेळ वाढवून काही साधणार नाही. हार्डनेस धातूची सरासरी सांगतो. फटीगची चीर मात्र सगळ्यांत वाईट अशा एकाच जागेवरून निघते. म्हणून एकाच हीटमधला (एका वेळी वितळवलेल्या धातूतला) एक नग टिकतो नि दुसरा तुटतो. ही जागा बहुधा पृष्ठभागावरचे किंवा त्याला लागून असलेले छिद्र असते. तेवढेच छिद्र पोटात खोल असेल तर पुष्कळ कमी नडते.

तुटलेले तुकडे पुन्हा जुळवून पाहू नका. खुणा पुसल्या जातात. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या रेषा जिथे एकवटतात तिथे भिंग धरा. पोकळी गोल, गुळगुळीत असेल तर हायड्रोजन. वेडीवाकडी असून आत द्राक्षाच्या घडासारखी गोलसर टोके दिसली, तर ती डेंड्राइटची (गोठताना वाढणाऱ्या झाडासारख्या स्फटिकांची) टोके. म्हणजे आकुंचन, धातू पुरेसा पोचलेला नाही. पोकळीच नसेल तर ऑक्साइडच्या पापुद्र्याचा संशय घ्या. तो बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच नीट दिसतो.

हायड्रोजनसाठी रोटरी डीगॅसिंग करा (फिरत्या दांड्यातून वायूचे बुडबुडे सोडून हायड्रोजन काढा), मेल्ट ७५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका आणि प्रत्येक हीटचा नमुना निर्वातात गोठवून, कापून पाहा. गोठताना हायड्रोजनची विद्राव्यता सुमारे वीस पटीने घटते, म्हणून थोडासा ओलावाही महागात पडतो. आकुंचन असेल तर जाड भागाला चिल (साच्यात ठेवलेला, उष्णता झटपट ओढणारा धातूचा तुकडा) लावा. त्याने डेंड्राइटच्या फांद्यांतले अंतर घटते. वाळूत जाड भागात ६०-८० मायक्रॉन असते ते ३०च्या आसपास येऊ शकते. छिद्रेही लहान होतात. हे अंतर ओततानाच ठरते, भट्टीत कितीही तास ठेवले तरी बदलत नाही. लोखंडाच्या बीटा सुयांचेही (लोखंड, सिलिकॉन नि ॲल्युमिनियमच्या ठिसूळ, सुईसारख्या कणांचेही) तेच, म्हणून लोखंड ०.२ टक्क्यांच्या आत ठेवा. पापुद्रे मात्र ओतण्याच्या खळखळाटातून येतात. तिथे फिल्टर आणि शांत गेटिंग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा) हवे.

स्ट्रॉन्शियम ०.०१५ ते ०.०२ टक्के पुरे. त्याने युटेक्टिक (शेवटी ॲल्युमिनियमसोबत गोठणाऱ्या) सिलिकॉनच्या पट्ट्यांचे बारीक तंतू होतात. सोल्यूशनमध्ये (टी६च्या पहिल्या टप्प्यात) ५४० अंशांना ते तुटून गोलसर होतात. स्ट्रॉन्शियम जास्त घातले तर पोरोसिटीच (छिद्रेच) वाढतात. आधी छिद्रे आवरा, मग सिलिकॉनचा आकार बघा. उलट क्रमाने केलेली मेहनत चाचणीत दिसत नाही.

प्रश्न : याच भागातले बोअर लवकर झिजते. सिलिकॉन १७ टक्के केले तर?

उत्तर : झीज कमी होईल, कारण कठीण प्राथमिक (सगळ्यांत आधी गोठणाऱ्या) सिलिकॉनचे कण भार पेलतात. पण कण मोठे, कोनेदार राहिले तर तेच तडकतात, सुटतात आणि पृष्ठभाग ओरखडतात, फटीगही घसरतो. कण बारीक करायला फॉस्फरस लागतो, आणि तो स्ट्रॉन्शियमला निष्प्रभ करतो. तेव्हा दोन्ही मिश्रधातूंचे रिटर्न स्क्रॅप (पुन्हा वितळवायचे उरलेले तुकडे) एकत्र करू नका. तुमच्या ब्रॅकेटला ए३५६च ठेवून बोअरमध्ये बुश (झीज सोसणारी नळी) बसवणे सोपे पडेल.