सर्वशक्तिमान देव ही कल्पना तर्कात टिकते का?

‘स्वतःला उचलता येणार नाही असा दगड देव बनवू शकेल का?’ या प्रश्नाने ही कल्पना कोसळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. १९६३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज मॅव्ह्रोडिस यांनी दाखवलं की देव सर्वशक्तिमान आहे असं धरलं, तर ‘त्याला न उचलता येणारा दगड’ हे वर्णनच ‘चौकोनी वर्तुळा’सारखं आत्मविरोधी ठरतं. जे असूच शकत नाही ते न बनवणं, ही शक्तीतली उणीव नव्हे. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने हेच म्हटलं होतं: सर्वशक्ती म्हणजे जे आत्मविरोधी नाही ते सगळं करता येणं.

खरी अडचण या व्याख्येत आहे. ‘स्वतःला न उचलता येणारी वस्तू बनवणं’ यात विरोध कसलाच नाही. सुतार होडी बनवतो आणि ती त्याला एकट्याला उचलत नाही. म्हणजे सुताराला जमणारी कृती देवाला जमत नाही! म्हणून कृतींची यादी मोजू नका. ‘कोणती स्थिती घडवता येते’ असं विचारा. त्यातही दुसऱ्याने स्वेच्छेने केलेली कृती देवाने घडवली असं म्हणता येत नाही, तेव्हा आणखी एक अपवाद करावा लागतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तप्रमाणे देव तर्कनियमांच्याही वर आहे असं मानलं, तर तो दगड बनवेलही आणि उचलेलही. पण मग त्याच्याबद्दल युक्तिवाद करण्यात अर्थ उरत नाही.

न्यायदर्शन या तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनातल्या ईश्वराला हा पेच फारसा छळत नाही. तिथे परमाणू (पदार्थाचे सर्वांत लहान कण) नित्य आहेत, ईश्वर त्यांची फक्त रचना करतो; तो शून्यातून काहीही बनवतो असा दावाच नाही.

माझ्या मते, काळजीपूर्वक मांडलेली कल्पना सुसंगत आहे.