'इग्नोरंट' म्हणजे नेमकं काय? ही शिवी आहे का?

तुम्ही लिहिलंय की केवायसीच्या कागदांवरून बँकेतले साहेब "डोन्ट बी सो इग्नोरंट" म्हणाले, आणि आपण त्यांना इग्नोर केलं असा त्यांचा आरोप आहे असं तुम्हाला वाटलं. तसं नाही. "अडाण्यासारखं करू नका" असं म्हणाले ते. राग यायचा तर येऊ द्या, पण बरोबर कारणावर येऊ द्या.

घोळ 'इग्नोर'मुळे होतो. आमच्याकडची पोट्टीसुद्धा "तिनं मले इग्नोर मारलं" म्हणतात, त्यामुळे इग्नोरंट म्हणजे इग्नोर मारणारा असं वाटणं साहजिक आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'न जाणणे'. त्यातला 'ग्नो' आणि आपल्या 'अज्ञ'मधला 'ज्ञ' एकाच जुन्या धातूचे वंशज, म्हणजे हा शब्द 'अज्ञ'चा लांबचा चुलतभाऊच. पुढे इंग्रजीत क्रियापद सरकत सरकत 'मुद्दाम दुर्लक्ष करणे' इथवर आलं, विशेषण मात्र न जाणण्यापाशीच थांबलं. (बोलीभाषेत काही इंग्रज लोक 'उद्धट' या अर्थानंही वापरतात, ते सोडा.) उच्चार 'इग्नरंट', जोर 'इग्'वर.

शिवी आहे का, हे त्याच्यामागे काय येतं त्यावर ठरतं. 'इग्नरंट ऑफ द रूल' म्हणजे त्या एका नियमाबद्दल अनभिज्ञ. थोडं टोचतं, पण चालून जातं. नुसतं 'ही इज इग्नरंट' म्हटलं की नियम बाजूला राहतो आणि अख्खा माणूस अडाणी ठरतो. तुमच्या साहेबांनी दुसरं केलं.

मीही केलंय. यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेसाठी कपाशीच्या शेतकऱ्यांची पाहणी करत होतो. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. अहवालात मी ऐटीत लिहिलं, 'फार्मर्स आर इग्नरंट अबाउट सेफ्टी.' ज्यांच्या ओसरीवर बसून लिहीत होतो त्या काकांची मुलगी बी.ए.ला होती. तिनं ते वाचलं अन् बापाला अर्थ सांगितला.

काका चिडले नाहीत. आत गेले, औषधाच्या डब्यासोबतचा घडीचा कागद आणून माझ्यासमोर ठेवला. "घ्या भाऊ, वाचा. तुमी तं शिकेल हा."

मुंगीएवढी अक्षरं. चष्मा लावून, उजेडात धरून मला दोन ओळींपलीकडे जाता आलं नाही. काकांना मात्र डब्यावरच्या खुणेचे रंग पाठ होते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. "लाल असला का पोट्ट्यायले जवळ येऊ देत नाही." वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, हेही ठाऊक होतं. मग तोंडाला मास्क अन् अंगभर प्लास्टिक का नाही? तर म्हणाले, "ऑक्टोबरच्या उन्हात छातीएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन एक तास चालून पाहा, मंग सांगा."

म्हणजे माझं वाक्य खोटंच होतं. माहिती होती, साधन अंगावर टिकण्यासारखं नव्हतं. 'इग्नरंट' लिहिलं की कारण शोधायचं कामच संपतं, दोष माणसाच्या डोक्यात ठेवून आपण मोकळे. वाक्य खोडून लिहिलं, 'फार्मर्स नो द रिस्क, बट द किट कॅनॉट बी वोर्न इन धिस हीट.' म्हणजे धोका माहीत आहे, पण या उन्हात तो पोशाख घालवत नाही. वरिष्ठांना ते लांब वाटलं. असू दे.

याला जोडून अजून एक चूक होते. 'इलिटरेट' म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो. त्याचा इग्नरंटशी संबंध नाही. गाडगेबाबा शाळा शिकलेले नव्हते. ते कीर्तनात साधे साधे प्रश्न विचारून शिकलेल्यांना निरुत्तर करायचे, आणि आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे. आपल्या 'अडाणी'त मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र कोंबलेत, म्हणून भाषांतर करताना एरवी मी तो शब्द टाळतो; वर साहेबांचा टोमणा कळावा म्हणून वापरला.

तुम्ही कोणाबद्दल लिहाल तेव्हा 'अनअवेअर ऑफ' किंवा 'नॉट इन्फॉर्म्ड अबाउट' वापरा. दुसऱ्यात एक सोय आहे, 'सांगायचं काम कोणी केलं नाही?' हा प्रश्न त्यातच येतो. 'इग्नरंट' हा शब्द स्वतःपुरता ठेवला तर कोणाला लागत नाही. 'आय ॲम इग्नरंट ऑफ म्युझिक' हे मी बिनधास्त म्हणतो, खरंच आहे ते.

साहेबांना उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा, 'आय वॉज नॉट इन्फॉर्म्ड अबाउट धिस रूल.' आणि नियमाचा कागद मराठीत मागा, जरा मोठ्या अक्षरात.