अपोफिसची कक्षा आणि 2004 मधली ती टक्केवारी

अपोफिस हा लघुग्रह 2029 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता डिसेंबर 2004 मध्ये 2.7 टक्क्यांपर्यंत चढली आणि लगेच शून्यावर आली, तेव्हा आधीचे गणित चुकले होते का, असे आपण विचारले आहे. ते चुकले नव्हते. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा म्हणजे एकच रेषा नसते, तर निरीक्षणांशी जुळणाऱ्या असंख्य मार्गांचा एक पट्टा असतो. निरीक्षणे वाढतात तसा हा पट्टा अरुंद होतो, आणि पृथ्वी त्याच्या आत आहे तोवर उरलेल्या मार्गांतील तिचा वाटा वाढतच जातो. ती पट्ट्याबाहेर पडली की शक्यता एकदम संपते. येथे नेमके तेच घडले. शोध जूनमधला, परंतु त्याच वर्षीच्या मार्चमधील छायाचित्रांत हा लघुग्रह आढळला आणि 2029 ची शंका मिटली.

सध्या तो सूर्याभोवतीची फेरी सुमारे 324 दिवसांत पूर्ण करतो. सूर्यापासूनचे त्याचे अंतर 0.75 ते 1.10 खगोलीय एककांदरम्यान बदलते (एक एकक म्हणजे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर). भारतीय वेळेनुसार 14 एप्रिल 2029 च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो भूपृष्ठापासून अंदाजे 32,000 किलोमीटरवरून, म्हणजे पृथ्वीच्या एकाच जागेवर स्थिर दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाईल. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा मोठी होऊन फेरीला जवळपास चौदा महिने लागू लागतील.

कक्षेच्या गणितात त्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा विचार कशासाठी, हा आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. उन्हाने तापलेला पृष्ठभाग ती उष्णता थोड्या उशिराने बाहेर टाकतो, आणि त्यातून अत्यंत सूक्ष्म रेटा मिळतो. यालाच यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. अपोफिस सूर्याभोवतीच्या फेरीच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हा रेटा त्याचा वेग रोखतो, आणि कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे तिच्या सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग, दरवर्षी सुमारे 200 मीटरने घटतो. हे आकुंचन नीट मोजले जाईपर्यंत 2068 च्या धडकेची शंका पूर्णपणे फेटाळता येत नव्हती. मार्च 2021 मध्ये अमेरिकेतील गोल्डस्टोन येथील रडारने सुमारे 1.7 कोटी किलोमीटरवरून त्याचे अंतर जेमतेम दीडशे मीटरच्या अचूकतेने मोजले, आणि पुढील किमान शंभर वर्षे धोका नसल्याचे सिद्ध झाले.

सुमारे 340 मीटरचा हा लांबट, खडकाळ गोळा एका स्थिर अक्षाभोवती न फिरता गडगडत फिरतो. 2029 मध्ये पृथ्वीच्या ओढीने ही चाल बदलेल, आणि तो बदल नंतर तेथे पोहोचणारे नासाचे ओसायरिस-एपेक्स यान जवळून पाहील.