नागपुरात पिकअप ट्रकचं खरं ॲव्हरेज किती?

टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस घेतली तर नागपुरात ॲव्हरेज किती, असं विचारलंय. शहरात लिटरला ९-१० किमी धरून चाला. मे महिन्यात, एसी फुल्ल ठेवून सीताबर्डीच्या गर्दीत अडकलात तर त्याहूनही कमी. दोन टनांच्या आसपासचं धूड दर सिग्नलला उचलायचं, डिझेल पिणारच.

समृद्धी महामार्गावर सगळा खेळ वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट, तर विरोध चौपट), म्हणून ताशी ८०-९० किमीला १२-१३ चं ॲव्हरेज देणारी गाडी १२० ला धाडकन खाली येते. त्यात हौसेने जाड ऑफरोड टायर टाकले, की आणखी गेलं. (डांबरी रस्त्यावर गाडी टू-एचमध्येच, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्येच ठेवा.)

डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका. टाकी फुल्ल ते फुल्ल, एकाच पंपावर भरून मोजा.